'गेम' पुढचा आकडा फाटलाय, तारीख कुठेच नाही: एबेट्स फील्डचं जुनं तिकीट कोणत्या दिवसाचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो मोठा करून पाहिला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. मिरजेच्या घरी आजोबांच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तुम्हाला बेसबॉलच्या तिकिटाचा तुकडा सापडला. त्यावर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड या मैदानाचं नाव आहे, 'रेनचेक' हा शब्द आहे, सेक्शन-रांग-खुर्ची आहे, आणि किंमत तीन ओळींत छापलेली आहे: मूळ १.४६, फेडरल कर .२९, एकूण १.७५ डॉलर. तारीख नाही, वर्ष नाही, समोरच्या संघाचं नाव नाही. 'गेम' या शब्दापुढे दोन आकडी संख्या होती, पण फाटताना पहिला आकडा गेला आणि नुसता ७ उरला. त्याच पुस्तकात आजोबांनी घरी पाठवलेलं पत्र होतं. पत्राच्या डोक्यावर फक्त 'रविवार' आहे. मजकुरात 'काल ब्रुकलिनला बॉस्टनच्या संघाशी खेळ पाहिला' असं एक वाक्य आणि खाली हिशेब: रेल्वे २० सेंट, तिकीट १.७५. शिक्क्यावरून तारीख कळली असती, पण पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या काकांनी ती शिक्क्यासकट कापून नेली. (प्रत्येक घरात असा एक काका असतोच. माझ्याही होता.)

तुम्ही १९५२ च्या निकालांची यादी काढून ब्रुकलिनचे घरचे सामने मोजत बसलात आणि गोंधळलात. शिवाय कुठेतरी वाचलंत की १९ जून १९५२ ला इथेच कार्ल अर्स्किनने 'नो-हिटर' टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट (चेंडू टोलवून तळ गाठणं) घेऊ दिला नाही. तर आपलं तिकीट त्याच दिवसाचं असेल का, हा तुमचा खरा प्रश्न.

आधी त्याच आशेबद्दल बोलते, कारण ती मनात ठेवून मोजलं की मोजणी बिघडते. अर्स्किनचा तो सामना शिकागोविरुद्ध होता आणि त्या दिवशी गुरुवार होता. तुमचं पत्र बॉस्टन म्हणतं आणि शनिवार म्हणतं. पत्र आणि तिकीट एकाच सामन्याचे असतील तर १९ जून दोन्ही बाजूंनी बाद. वाईट वाटून घेऊ नका, पुढे तुमच्यासाठी एक वेगळी शक्यता आहे.

मी गेली एकतीस वर्षं जर्सी सिटीत राहते. त्यातली बरीचशी वर्षं जुन्या छापील कागदांची नोंद करण्यात गेली: मेनूकार्डं, जहाजांची वेळापत्रकं, नाटकांची आणि खेळांची तिकिटं. बेसबॉल मला आजही पूर्ण कळतो असं म्हणणार नाही. तिकिटं मात्र कळतात. दारावरचा माणूस तिकीट फाडून जो भाग आपल्या हातात देतो त्याला मी 'अर्धुक' म्हणते. 'अर्धं तिकीट' म्हटलं की आपल्याला एसटीतलं मुलांचं तिकीट आठवतं.

असलं अर्धुक हातात आलं की मी स्वतःला एकच गोष्ट बजावते: हे छापणाऱ्याला पाऊस माहीत नव्हता. मोसम एप्रिलच्या मध्यावर सुरू व्हायचा, आणि तिकिटं त्याच्या आधी, हिवाळ्यातच छापून गठ्ठे बांधून ठेवलेली असायची. तेव्हा कुठला सामना पावसात वाहून जाणार, कुठला पुढे ढकलला जाणार, कोण विक्रम करणार, यातलं काहीच कुणाला ठाऊक नसायचं. छापणाऱ्यापुढे फक्त वेळापत्रक असायचं. त्यामुळे 'गेम ३७' म्हणजे मैदानावर झालेला सदतिसावा सामना नव्हे, तर हिवाळ्यात ठरलेल्या घरच्या दिवसांपैकी सदतिसावा दिवस. तुमचा गोंधळ इथेच झाला, आणि माझाही एकदा इथेच झाला होता. ते पुढे सांगते.

आधी वर्ष. इथे तुमच्या तिकिटाने तुमच्यावर मोठे उपकार केलेत, कारण कर वेगळा छापलाय. अमेरिकेत करमणुकीच्या तिकिटांवर केंद्र सरकारचा कर असे आणि त्याचा दर बदलत गेला. ऑक्टोबर १९४१ पासून तो दर दहा सेंटला एक सेंट होता. १ एप्रिल १९४४ पासून दर पाच सेंटला एक सेंट झाला, म्हणजे साधारण २० टक्के. १ एप्रिल १९५४ पासून तो पुन्हा १० टक्क्यांवर आला आणि १९६५ च्या अखेरीस उठलाच. आता भागाकार करा: १.४६ चे पाच-पाच सेंटचे तुकडे पाडले तर २९ आणि वर एक सेंट उरतो. कर .२९. म्हणजे २० टक्क्यांचा काळ. तेच १.७५ चं तिकीट दहा टक्क्यांच्या काळातलं असतं तर मूळ किंमत १.५९ आणि कर .१६ अशी फोड दिसली असती. ग्राहकाच्या खिशातून जाणारे पैसे तेच, फोड वेगळी. म्हणून नुसत्या 'एकूण' किमतीवरून वर्ष ठरवू पाहणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आपल्याकडेही अशी एक सोय आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या जुन्या तिकिटावर किंमत आण्यात असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं, आणि 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतलं. सरकारला कर आणि नाणी बदलायला १ एप्रिलच का आवडतो कोण जाणे. आमच्या धंद्यात मात्र त्याचा फायदा होतो.

करातही एक खाच आहे. दर कमी करणाऱ्या कायद्यावर सही झाली ३१ मार्च १९५४ ला आणि तो दुसऱ्या दिवसापासून लागू झाला. मोसम जेमतेम दोन आठवड्यांवर आलेला. तेव्हा १९५४ च्या गठ्ठ्यांवर जुनाच कर छापलेला राहून गेला असेल ही शक्यता मी डोक्यात ठेवते. पुन्हा तेच: छापणाऱ्याला मार्चअखेरची बातमी हिवाळ्यात कळत नाही. म्हणून करावरून मी १९४४ ते १९५३ असा पट्टा धरते आणि १९५४ समोर प्रश्नचिन्ह ठेवते.

तुमच्या बाबतीत प्रश्नचिन्हाची गरज नाही, कारण आजोबा जानेवारी १९५२ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि मे १९५३ अखेर परत निघाले, असं तुम्ही लिहिलंय. (हे घरच्यांच्या आठवणीवरून लिहिलंत की पासपोर्टवरून? पासपोर्ट असेल तर शिक्के बघाच. घरच्या आठवणीत दोन वर्षं इकडची तिकडे सहज होतात.) म्हणजे १९५२ चा पूर्ण मोसम किंवा १९५३ चे पहिले सहा आठवडे.

आणि इथे पत्रातला 'बॉस्टन' हा शब्द सोन्याचा आहे. बॉस्टनला तेव्हा दोन संघ होते. त्यातला रेड सॉक्स हा अमेरिकन लीगचा. ब्रुकलिन डॉजर्स नॅशनल लीगमध्ये. त्या काळात नेहमीच्या मोसमात दोन्ही लीगचे संघ एकमेकांशी खेळतच नसत. म्हणजे डॉजर्ससमोरचं बॉस्टन म्हणजे बॉस्टन ब्रेव्ह्ज. आणि हे ब्रेव्ह्ज मार्च १९५३ मध्ये, मोसम तोंडावर आला असताना, बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेले. १९५२ मध्ये बॉस्टनला त्यांचे घरचे सामने पाहायला सबंध मोसमात २,८१,२७८ माणसं आली होती, त्यामुळे मालकाने गाशा गुंडाळला यात नवल नाही. १९५३ च्या एप्रिल-मेमध्ये आजोबांनी तो सामना पाहिला असता तर वर्तमानपत्रात, फलकावर, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडी, सगळीकडे 'मिलवॉकी' असतं. बेसबॉलशी नव्याने ओळख होत असलेला मराठी विद्यार्थी कशाला जुनं नाव लिहील? म्हणून १९५२. इतक्या ठामपणे मी हे फार कमी वेळा लिहिते.

पत्र आणि अर्धुक एकाच दिवसाचे कशावरून, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. १.७५ चा आकडा दोन्हीकडे जुळतो ही चांगली गोष्ट आहे. पण ही किंमत त्या दर्जाच्या खुर्चीची. आजोबा दुसऱ्यांदा गेले असते तरी तितकेच पैसे पडले असते. माझा कल 'एकच' याकडे आहे तो दुसऱ्या कारणाने. तेव्हा डॉलर चार रुपये शहात्तर पैशांच्या आसपास होता, म्हणजे हे तिकीट सव्वाआठ रुपयांचं झालं. मेट्रोचं भाडंही जाता-येता दहा-दहा सेंट करून घरी कळवणारा विद्यार्थी सव्वाआठ रुपये वारंवार उडवेल असं वाटत नाही. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. दुसरी पत्रं निघाली तर त्यांतले हिशेब आधी वाचा.

इथवर वर्ष १९५२, संघ बॉस्टन, वार शनिवार. उरला 'गेम' चा आकडा.

आता माझी फजिती. नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एक वयस्कर बाई पोलो ग्राउंड्सचं, म्हणजे न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या घरच्या मैदानाचं, अर्धुक घेऊन आल्या. वर्ष १९४८ हे ठरलेलं होतं, 'गेम २१' स्वच्छ वाचता येत होतं. त्यांच्या वडिलांच्या पाकिटात ते मरेपर्यंत होतं. मी निकालांची यादी काढली, जायंट्सचे घरचे सामने बोटांवर मोजले, एकविसावा काढला, तारीख टाइप करून दिली. सामना चांगला रंगला होता, बाईही खूश. काही महिन्यांनी त्या वडिलांची ऑफिसची डायरी घेऊन परत आल्या. माझ्या तारखेच्या पानावर वडील दुसऱ्याच गावी होते. चार दिवस आधीच्या पानावर मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: मैदानावर गेलो, पाऊस, खेळ नाही. निकालांच्या यादीत तो दिवस नव्हताच, कारण त्या दिवशी खेळच झाला नव्हता. त्यांनी अर्धुक जपून ठेवलं ते पुन्हा वापरायचं म्हणून, आणि ते राहून गेलं. बाई रागावल्या नाहीत, पण माझं टाइप केलेलं पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं ते मला अजून दिसतं.

'रेनचेक' म्हणजे हेच. पाच डाव पूर्ण व्हायच्या आत पाऊस आला (यजमान संघ पुढे असेल तर साडेचार) तर सामना अधिकृत धरत नसत, आणि हातातलं अर्धुक दाखवून दुसऱ्या सामन्याला येता येई. आता पुण्यातल्या आयटी कंपन्यांतही जेवणाचं आमंत्रण टाळताना 'रेनचेक घेतो' म्हणतात, त्याचं मूळ या कागदाच्या तुकड्यात आहे. पण तारीख शोधणाऱ्यासाठी याचा अर्थ जरा वाकडा आहे: अर्धुक शिल्लक आहे म्हणून सामना झालाच होता असं धरता येत नाही. तुमच्या आजोबांनी 'खेळ पाहिला' असं लिहिलंय म्हणून तुम्ही त्या संकटातून सुटलात.

तर मोजायचं कसं? समजा पहिल्या दहा तिकिटांपैकी चौथ्या दिवशी पाऊस पडून सामना रद्द झाला आणि आठव्या दिवशी मुळातच एका तिकिटात दोन सामने ठरलेले होते. पाचवं तिकीट घेऊन गेलेल्या माणसाने निकालांच्या यादीतला चौथा सामना पाहिला. आठव्या तिकिटावर सातवा आणि आठवा असे दोन सामने झाले. नवव्या तिकिटावर नववा. बघा, नऊवर हिशेब आपोआप जुळला! खरा धोका हाच. माणूस एखादं ओळखीचं तिकीट पडताळून बघतो, जुळतं, आणि सगळी मोजणी बरोबर आहे अशा भ्रमात पुढे जातो. दहाव्या तिकिटाला तो बुडालेला चौथा सामना जोडून दिला की अकराव्या तिकिटावर बारावा सामना येतो आणि गाडी पुन्हा रुळावरून घसरते.

तेव्हा निकालांची यादी बाजूला ठेवा. मोसमाआधी जाहीर झालेलं मूळ वेळापत्रक घ्या. रेट्रोशीट या स्वयंसेवी संस्थेच्या संकेतस्थळावर १८७७ पासूनची मूळ वेळापत्रकं फुकट मिळतात आणि कुठला सामना पुढे ढकलला गेला त्याची नोंदही असते. १९५२ चं उघडा आणि ब्रुकलिनच्या घरच्या तारखा, सामने नव्हे तर तारखा, क्रमाने लिहा. एका तिकिटात दोन सामने ठरलेल्या दिवसाला एकच क्रमांक. याला अपवाद असा की काही क्लब सणासुदीला सकाळच्या आणि दुपारच्या सामन्याचं वेगवेगळं तिकीट लावत. मग त्या एका तारखेला दोन क्रमांक पडतात. अशा दिवसांपाशी पेन्सिलीने खूण करा आणि मोजणी दोन्ही तऱ्हांनी करून ठेवा. एका क्रमांकाची सूट दोन्ही बाजूंना ठेवायची माझी सवय आहे, ती याच दिवसांमुळे.

तेव्हा प्रत्येक संघ १५४ सामने खेळे, त्यातले ७७ घरी. नॅशनल लीगमध्ये आठ संघ, म्हणजे सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी घरी अकरा सामने. बॉस्टनचे हे अकरा सामने तीन-चार फेऱ्यांत वाटलेले असणार. प्रत्येक फेरीत शनिवार येतोच असं नाही. म्हणजे १९५२ मध्ये ब्रुकलिनला बॉस्टनविरुद्धचे शनिवार फार तर तीन किंवा चार. त्या तीन-चार तारखांसमोर तुमच्या मोजणीत कुठले क्रमांक पडतात ते पाहा. शेवटी ७ येतो अशी एखादीच निघेल. न निघाल्यास शेवटी ६ किंवा ८ येणारी तारीख मघाच्या त्या एका क्रमांकाच्या सवलतीमुळे विचारात घ्या.

घरचे सामने ७७ असले तरी तिकिटांचे क्रमांक ७७ पर्यंत जाणार नाहीत, कारण जोडसामन्यांच्या दिवसांमुळे ते कमी होतात. म्हणून तुमच्या फाटलेल्या आकड्याच्या जागी १७, २७, ३७, ४७, ५७, ६७ एवढेच पर्याय उरतात. नुसत्या ७ चा विचार मी सोडून दिलाय. फोटोत ७ च्या डावीकडे शाईचा ठिपका दिसतो, म्हणजे तिथे काहीतरी होतं.

आता त्या ठिपक्याकडे या. हे काम मी फोटोवरून करू शकत नाही, तुम्हालाच करावं लागेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे असतं ते डोळ्याला लावायचं भिंग सगळ्यांत उत्तम. तुकडा खिडकीपाशी आडव्या उजेडात धरा. फाटलेली कड वरून तिरकी खाली आली आहे, म्हणजे पहिल्या आकड्याचा तळ थोडासा उरला असावा. छापील आकड्यांचे तळ वेगवेगळे असतात. आडवी सपाट रेघ असेल तर तो २. छोटा आडवा पाया, त्याच्या मधोमध उभा दांडा असेल तर १. तसाच दांडा, पण उजवीकडे सरकलेला, ७ ला जवळजवळ चिकटलेला असेल तर ४. तळ गोल असेल तर ३, ५ किंवा ६; यात ३ आणि ५ ची डावीकडची टोकं सुटी असतात, ६ ची गोलाई वर वळत जाते. भिंगाखाली हे लगेच कळतं असं नाही. पाच मिनिटं नुसतं बघत राहा, मग कागदावर दिसेल तसं चित्र काढा, आणि मगच 'हा कुठला आकडा?' असं स्वतःला विचारा. उलट क्रमाने केलंत तर जो हवा तोच आकडा दिसतो.

कागद उलटून मागची बाजूही बघा, फोटोत ती नाही. मागे रेनचेकचे नियम असतात आणि कडेला अगदी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव किंवा कामगार संघटनेची छोटी मोहोर असते. एवढ्यावरून वर्ष ठरत नाही, पण तारीख माहीत असलेलं दुसरं १९५२ चं अर्धुक मिळालं तर ताडून पाहायला उपयोग होतो. रंगाचंही तसंच. दारावरच्या माणसाला कालचं तिकीट लांबूनच ओळखता यावं म्हणून रंग बदलत, त्यामुळे शेजारच्या क्रमांकाचा रंग वेगळा निघाला तर घाबरू नका.

मोजणी झाली की ती वर्तमानपत्राशी ताडून बघा. 'ब्रुकलिन ईगल' हे तिथलं दैनिक १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघत होतं आणि ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्याचे अंक स्कॅन करून सगळ्यांना खुले केलेत. मिरजेत बसून चाळता येतात. आदल्या दिवशीच्या अंकात उद्या कोण खेळणार ते असतं, दुसऱ्या दिवशीच्या अंकात काय झालं ते. हवामानही असतं. मूळ वेळापत्रकात एक तारीख आणि प्रत्यक्षात दुसरी असं काही घडलं असेल तर ते इथेच सापडेल. तुमच्या तीन-चार शनिवारांपैकी एखादा पावसात गेलेला दिसला तर तो कापून टाका, कारण आजोबांनी खेळ पाहिला.

तिकीट खरं की नक्कल, हा प्रश्न तुमच्या बाबतीत मला फारसा पडत नाही. सत्तर वर्षं एका पुस्तकात पडलेल्या कागदाची नक्कल कोण करणार? पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. बेसबॉलच्या वरच्या लीगमधली कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ज्या दिवशी पहिल्यांदा डॉजर्सकडून खेळला, १५ एप्रिल १९४७, त्या दिवसाचं एक अर्धुक २०२२ मध्ये ४,८०,००० डॉलरला गेलं. एवढा पैसा दिसल्यावर नकला होणारच. नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो त्याखाली कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० च्या सुमारापासून आलं. १९४७ चं म्हणून कोणी विकत असेल आणि कागद असा चमकत असेल तर पाकीट खिशात ठेवा. १९५२ च्या तिकिटाबाबत ही परीक्षा निरुपयोगी आहे, चमकलं तरी आणि नाही चमकलं तरी.

लॅमिनेट करू नका, ही कळकळीची विनंती. चिकटपट्टीही नको, फाटलेली कड तर मुळीच जोडू नका, तुमचा सगळा पुरावा त्या कडेवर आहे. वासाच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. पॉलिएस्टरचं कडक पारदर्शक पाकीट मिळालं तर उत्तम, नाहीतर साधा पांढरा कागद घडी घालून त्यात ठेवा. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. आणि ज्या पुस्तकात, ज्या पानांमध्ये ते सापडलं त्याचा फोटो काढून ठेवा. पानावर त्याचा डाग उमटला असेल तर तोही.

एबेट्स फील्ड आता नाही. शेवटचा सामना २४ सप्टेंबर १९५७ ला झाला, आणि डॉजर्स लॉस एंजेलिसला निघून गेले. १९६० मध्ये मैदान पाडलं. तिथे आज उंच इमारती आहेत. जाण्याआधीच्या शेवटच्या दोन मोसमांत डॉजर्सनी घरचे पंधरा सामने आमच्या जर्सी सिटीतल्या रूझवेल्ट स्टेडियमवर खेळवले होते. १९५६-५७ चं तिकीट असतं तर ते वेगळे मोजावे लागले असते, आणखी एक डोकेदुखी. तेही मैदान पाडलं. त्या जागी आता घरं आहेत आणि त्यांतल्या एका घरात आमच्या ओळखीचं सोलापूरचं कुटुंब राहतं. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, उंचवटा नेमका कुठे होता ते त्यांच्या मुलाने शोधून काढलंय, निदान त्याचा तसा दावा आहे.

आता ती सुरुवातीला म्हटलेली शक्यता. १९५२ मध्ये बॉस्टनचा संघ ब्रुकलिनला शेवटचा आला तो मोसमाच्या अखेरीस. शनिवारी, २७ सप्टेंबरला, एडी मॅथ्यूज नावाच्या त्यांच्या नवख्या पोराने एबेट्स फील्डवर एकाच सामन्यात तीन होम रन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार टोलवणारे फटके) मारले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथेच बारा डावांनंतर ५-५ अशी बरोबरी झाली, आणि 'बॉस्टन ब्रेव्ह्ज' या नावाने तो संघ त्यानंतर पुन्हा खेळला नाही. तुमचं पत्र रविवारी लिहिलेलं आहे, 'काल' शनिवार आहे, संघ बॉस्टन आहे. फाटलेला आकडा ६ असेल तर ६७ हा क्रमांक शेवटच्या दिवसांतच पडण्याची शक्यता जास्त. तो ३ किंवा ४ असेल तर मात्र हे सगळं विसरा, तो उन्हाळ्यातला कुठलातरी शनिवार.

पत्रात आणखी एक गोष्ट शोधा: थंडी, कोट, नव्या टर्मची फी, असलं काही आहे का? न्यूयॉर्कचा जुलै आणि न्यूयॉर्कचा सप्टेंबरअखेर यांत मिरजेहून आलेल्या माणसाला फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. ते वाक्य जसंच्या तसं इथे लिहा. भिंगाखाली काढलेलं चित्रही टाका, सुंदर नसलं तरी चालेल. तोवर २७ सप्टेंबरच्या तिकिटावर कुठला क्रमांक पडतो ते मी माझ्याकडून मोजून ठेवते. तुम्ही चित्र टाकेपर्यंत आकडा सांगणार नाही.